व्यसनमुक्ती केंद्र : उंबरठ्याच्या आत आणि बाहेर

आपल्या उपनगरांत व्यसनी माणसाबद्दल बोलताना एक क्रियापद सर्रास वापरले जाते. "त्याला केंद्रात टाकला," असे लोक म्हणतात. मुलाला शाळेत घालतात, आजाऱ्याला रुग्णालयात दाखल करतात. व्यसनी माणसाला मात्र 'टाकतात'. अडगळीची वस्तू माळ्यावर टाकावी तसे. 'बेवडा' आणि 'गर्दुल्ला' या शब्दांचेही तेच. त्यांत माणूस नाहीसा होतो आणि व्यसन तेवढे शिल्लक राहते. व्यसनमुक्ती केंद्रात प्रवेश कसा मिळतो, आत दिवस कसे जातात आणि बाहेर आल्यावर काय होते, याची माहिती देणे हा या लेखाचा हेतू आहे. ही माहिती नसल्यामुळेच पुष्कळ घरे एक तर गोष्ट लपवून ठेवतात, नाही तर अगदी शेवटच्या क्षणी माणसाला कुठे तरी 'टाकून' मोकळी होतात.

मालाडच्या मालवणी भागात जून २०१५ मध्ये विषारी दारूने शंभरांवर माणसे दगावली. विक्रोळीतही डिसेंबर २००४ च्या अखेरीस असाच प्रकार घडला होता. अशा वेळी वर्तमानपत्रांचे रकाने भरतात. परंतु अधिकृत दुकानातली, शुद्ध म्हणवली जाणारी दारू जी घरे वर्षानुवर्षे हळूहळू पोखरते, त्यांची बातमी होत नाही.

वाईट सवय की आजार?

"मनावर घेतले तर काय सुटणार नाही?" हा प्रश्न प्रत्येक व्यसनी माणसाने ऐकलेला असतो. १९३५ साली अमेरिकेतील अ‍ॅक्रन गावी बिल विल्सन आणि डॉ. बॉब स्मिथ या दोन मद्यासक्त गृहस्थांच्या भेटीतून अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजेच 'ए. ए.', ही चळवळ उभी राहिली. एकट्याच्या निश्चयाने जे साधत नाही, ते त्याच अनुभवातून गेलेल्या दुसऱ्या माणसाच्या सोबतीने साधते, हा तिचा पाया. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने १९५६ साली मद्यासक्ती हा आजार असल्याचे मान्य केले. आपल्याकडे २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने दारू व मादक पदार्थांच्या सेवनाशी निगडित मानसिक अवस्था मानसिक आजाराच्या व्याख्येत घेतल्या आहेत.

आजार म्हटले म्हणजे माणसाची जबाबदारी संपली, असे मात्र नाही. मधुमेह झाला हा रोग्याचा दोष नसतो. पण पथ्य त्यालाच पाळावे लागते. येथेही तसेच आहे.

दोन संस्था

मुंबईच्या उपनगरातच, वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चच्या आवारात, १९८१ साली फादर जो परेरा यांनी 'कृपा फाउंडेशन' सुरू केले. फादर स्वतः मद्यासक्तीतून बाहेर आलेले. ए. ए. ची वाट आणि बी. के. एस. अय्यंगार यांच्याकडे शिकलेला योग, या दोहोंची सांगड त्यांनी घातली. पुढे वसईसह देशात अनेक ठिकाणी कृपाची केंद्रे निघाली. २००९ साली फादरांना पद्मश्री मिळाली.

दुसरी संस्था पुण्याची. अनिल अवचट यांनी गर्दच्या व्यसनावर लिहिलेले लेख वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले. त्यांनी एक लाख रुपयांची देणगी देऊ केली आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात 'मुक्तांगण' सुरू झाले. मानसोपचारतज्ज्ञ डॉ. अनिता अवचट या त्याच्या प्राण होत्या. १९९७ साली त्या गेल्या. त्यांची कन्या मुक्ता पुणतांबेकर यांनी ते काम पुढे नेले. तेथील कार्यकर्त्यांपैकी कितीतरी जण पूर्वी तेथेच उपचारासाठी आलेले आहेत. नव्याने आलेल्याला जेव्हा समोरचा समुपदेशक सांगतो की मीही याच खाटेवर पडून होतो, तेव्हा जे काम होते ते शंभर व्याख्यानांनी होत नाही.

मुलुंडच्या माणसाने उपचारासाठी पुण्याला किंवा बोरिवलीच्या माणसाने वसईला का जावे? कारण साधे आहे. अड्डा, उधार देणारा गुत्तेवाला, हाक मारणारे मित्र, हे सर्व चार पावलांवर असताना सुरुवातीचे दिवस काढणे फार अवघड. थोडे अंतर हाही उपचाराचाच भाग आहे.

प्रवेश

प्रवेशाची रीत संस्थेगणिक थोडी बदलते, परंतु गाभा सारखाच. आधी चौकशी, मग भेट. या भेटीत समुपदेशक व्यसनी माणसाशी आणि घरच्यांशी बोलतो. काय घेतो, किती घेतो, किती वर्षे, शेवटचे कधी घेतले, पूर्वी सोडताना झटके आले होते काय, इतर आजार कोणते, हे विचारले जाते. येथे घरच्यांनी अब्रूपोटी काही लपवू नये. दारू एकाएकी थांबवली की हात कापणे, घाम, निद्रानाश येतोच. पण काहींना फिट्स येतात, दोन-चार दिवसांत भ्रम होतो, नसलेली माणसे दिसू लागतात. ही अवस्था जिवावर बेतू शकते. म्हणून "घरात कोंडून ठेवा, चार दिवसांत सुटेल" हा शेजाऱ्यांचा सल्ला धोक्याचा आहे. गर्द सुटताना होणाऱ्या त्रासाला मुंबईत 'टर्की' म्हणतात : नाक वाहते, हाडे ठणकतात, जुलाब होतात, झोप उडते. ती सहसा जीव घेत नाही, परंतु माणसाला पुन्हा पुडीकडे पळवते.

सोबत कपडे, चालू औषधे, जुने कागद आणि ओळखपत्र न्यावे. रोख पैसे आणि मोबाईल बहुधा आत ठेवू देत नाहीत. सामान तपासले जाते; त्यात अपमान मानू नये.

आतले दिवस

पहिले काही दिवस औषधांचे आणि विश्रांतीचे. शरीर ताळ्यावर आले की खरे काम सुरू होते. मुक्तांगणमधील उपचार साधारण पाच आठवड्यांचा. इतरत्र तो कमी-अधिक असतो. पहाटे उठणे, योगासने, प्रार्थना, आपली खोली आपण झाडणे, वेळेवर जेवण, गटात बसून बोलणे, व्याख्यान, खेळ, रात्री वेळेवर झोप. बाहेरच्याला वाटेल, यात उपचार तो कोणता? पण ज्याचा दिवस कित्येक वर्षे पहिल्या घोटाने सुरू झाला, त्याला सकाळी सातला नाश्ता करणे ही नव्याने शिकण्याची गोष्ट असते.

सर्वांत कठीण तास गटातल्या बोलण्याचा. बायकोचे मंगळसूत्र कसे विकले, मुलीच्या फीचे पैसे कुठे गेले, हे दहा जणांसमोर सांगायचे. ऐकणारे हसत नाहीत, कारण त्यांच्याकडेही तीच गोष्ट असते. इकडे घरच्यांचीही शाळा भरते. मुक्तांगणमध्ये पत्नींसाठी 'सहचरी' हा गट आहे, ए. ए. च्या धर्तीवर नातेवाइकांसाठी अल-अ‍ॅनॉन आहे. नवऱ्याची उधारी गुपचूप फेडणे आणि कचेरीत त्याच्या आजारपणाच्या खोट्या थापा मारणे यांमुळे व्यसन पोसले जाते, हे तेथे बायकांना प्रथमच कळते.

कायदा

येथे 'टाकणे' आणि 'दाखल होणे' यांतला फरक पुन्हा समोर येतो. २०१७ च्या कायद्यानुसार प्रौढ माणसाने स्वतःच्या संमतीने दाखल व्हावे, हीच मुख्य वाट. त्याला निर्णय घेणेच शक्य नसेल आणि जिवाला धोका असेल, तर नामनिर्देशित प्रतिनिधीच्या अर्जावरून आणि दोन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासल्यावर जास्तीत जास्त ३० दिवसांसाठी दाखल करता येते. त्याविरुद्ध दाद मागण्याची सोय आहे. साखळीने बांधणे, सक्तीने डोके भादरणे, राबवून घेणे यांना मनाई आहे. म्हणून केंद्र निवडताना चार प्रश्न विचारावेत : नोंदणी आहे काय? डॉक्टर कधी येतात? घरच्यांना भेटता येते काय? सुटल्यानंतर पाठपुरावा कोण करतो? रात्री गाडी पाठवून माणसाला उचलून नेण्याची 'सोय' जे केंद्र अभिमानाने सांगते, त्यापासून दूर राहिलेले बरे.

अमली पदार्थांच्या बाबतीत पोलिसांची भीती अनेकांना अडवते. १९८५ च्या एन. डी. पी. एस. कायद्यातील कलम ६४-अ नुसार, सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेला व्यसनी माणूस स्वेच्छेने मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेईल, तर त्याला त्या खटल्यातून संरक्षण मिळते. मात्र उपचार पूर्ण केले पाहिजेत.

बाहेर

पाच आठवडे संपले, माणूस घरी आला, आईने पेढे वाटले. येथे गोष्ट संपली असे समजण्यात मोठी फसगत आहे. आत दारू नव्हती. बाहेर पगाराचा दिवस आहे, मित्राची हळद आहे, गटारी अमावास्या आहे. म्हणून केंद्रे पाठपुराव्याच्या बैठका घेतात, आणि उपनगरांतून ए. ए. च्या सभा भरतात. तेथे फी नसते आणि आडनाव विचारत नाहीत. जन्मभराची शपथ घ्यायची नाही, आजचा दिवस काढायचा, हा तेथला हिशेब. वर्ष पूर्ण झाले की नवा वाढदिवस साजरा होतो.

काही जण घसरतात. घसरणे म्हणजे सर्व फुकट गेले असे नव्हे. दम्याचा रोगी पुन्हा धापा टाकू लागला तर आपण त्याला ढोंगी म्हणत नाही. त्याला पुन्हा दाराशी जाता आले पाहिजे, आणि त्यासाठी चाळीने, कचेरीने आणि आपल्यासारख्या महाविद्यालयांनी त्याची जागा राखून ठेवली पाहिजे. पाच आठवडे गैरहजर राहिलेल्या मुलाला "कुठे होतास?" असे चारचौघांत विचारण्यापेक्षा त्याला वह्या उतरवून घ्यायला देणे, एवढे तरी आपल्या हातात आहे. आणि ज्याच्या घरी आज हा प्रश्न आहे, त्याने १४४४६ हा केंद्र सरकारचा निःशुल्क मदत क्रमांक टिपून ठेवावा. त्यावर घरच्यांनाही बोलता येते.