भंगारातला कलमचाकू

काटोल-वरूडकडच्या संत्र्याच्या रोपवाटिकांत डोळा भरणाऱ्याच्या हाती बरेचदा दुकानातला चाकू नसतो. असतो तो जुन्या हॅक्सॉ ब्लेडचा वीतभर तुकडा. एकाच बाजूने घासून धार काढलेला, मुठीला सायकलची ट्यूब गुंडाळलेली. ही गरजेपोटीची तडजोड, असा समज आहे. पण चाकू बनवण्यातले सर्वांत अवघड काम, म्हणजे पोलादाला पाणी देणे, कारखान्याने त्या तुकड्यावर आधीच केलेले असते. घरच्या कारागिराने ते फक्त बिघडवायचे नाही.

बिघडते ते ग्राइंडरवर. साध्या कार्बन पोलादाचे पाते घासताना निळे पडले, की तापमान ३०० अंशांच्या आसपास गेले आणि तिथली धार संपली. म्हणून बोटाला चटका बसण्याआधीच ते पाण्यात बुडवायचे. यांत्रिक करवतीचे जाड, हायस्पीड पोलादाचे पाते ५०० अंशांपर्यंतही नरमत नाही. घासायला ते चिवट, पण चूक पोटात घालते. ते लोहाराकडे नेऊन ठोकून घेणे मात्र शुद्ध नुकसान: त्याला पुन्हा कडक करायला १२०० अंशांच्या आसपासचा नेमका ताव लागतो, तो गावच्या भात्यावर साधत नाही. बायमेटल ब्लेड तर घेऊच नये. त्यात हायस्पीड पोलाद दातांच्या कडेलाच असते. दात घासून टाकले की हाती नुसती लवचीक पट्टी उरते.

दुकानात स्वस्त कटर मिळत असताना ही खटपट कशाला, असे कोणी विचारील. जंबेरीच्या खुंटावर टी आकाराचा छेद घेऊन साल उचलायची आणि डोळा आत सरकवायचा, तर डोळ्यामागचा काप सपाट आणि एका ओढीत निघायला हवा. कटरचे पातळ पाते त्या ओढीत वाकते. दुसरा आक्षेप गंजाचा, आणि तो खरा आहे. एक्सोकॉर्टिससारखे रोग चाकूवरून एका झाडाचे दुसऱ्याला जातात, म्हणून पाते सोडियम हायपोक्लोराइटमध्ये बुडवावे लागते, आणि तेच द्रावण पोलाद खाते. इथे स्टेनलेस चाकू सरस ठरतो. घरचा वापरायचा तर धुणे, पुसणे आणि तेलाचा हात, यातले काहीच टाळता येत नाही.

सल, म्हणजे वाळलेल्या फांद्या, काढायच्या कोयत्याला नियम उलटा. तिथे घाव सोसणारे पोलाद हवे. ट्रकच्या कमानीचा पाटा त्याला योग्य, कारण त्यात कार्बन अर्ध्या टक्क्याच्या थोडा वर असतो. घडवताना कमानीचे मूळ पाणी उतरते, म्हणून इथे लोहार हवाच. बांधकामाच्या सळईचा कोयता स्वस्त पडतो, पण तिच्यात कार्बन कमी, धार टिकत नाही. ग्राइंडरवर ठिणग्या पाहिल्या की फरक कळतो: जास्त कार्बनच्या पोलादाच्या ठिणग्यांना दाट फाटे फुटतात, सळईच्या लांब आणि सरळ जातात. मोडलेल्या कमानीचा पाटा मात्र घेऊ नका. मोडल्या जागेच्या शेजारी डोळ्याला न दिसणारे तडे असू शकतात, आणि ते ठोकून बुजत नाहीत.