बचत करा, पण झोपेची नको!

‘अहो, रात्रीच निघू या नं! एका मुक्कामाचे दोन हजार वाचतात.’

हे वाक्य माझं. मे २०२३ ची गोष्ट. मुलांच्या सुट्ट्या लागल्या होत्या आणि शिर्डीला जायचं ठरत होतं. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झालेला, त्यामुळे आमच्या गल्लीत ज्याच्या त्याच्या तोंडी तोच विषय. सासूबाईंनीही माझीच री ओढली, ‘कायले हॉटेलात पैसे टाकता? रातीच निघा, पहाटे बाबाच्या दारात!’

रात्री दहाला निघालो. हे दिवसभर दुकानात उभे राहिलेले. मी शेजारच्या सीटवर, मागे सासूबाई आणि दोन्ही पोरं गाढ झोपलेली. रस्ता सरळ, गुळगुळीत. ना चौक, ना गतिरोधक, ना समोरून येणारी गाडी. सिंदखेडराजा मागे पडलं आणि पहाटे तीनच्या सुमारास माझाही डोळा लागला. जाग आली ती चाकांच्या घरघर आवाजानं! गाडी पांढरी पट्टी ओलांडून कडेला सरकत होती. मी ओरडले. यांनी दचकून स्टिअरिंग वळवलं. गाडी सावरली. पुढच्या पंपावर थांबलो तेव्हा यांचे हात थरथरत होते. पोरं मात्र झोपेतच होती.

त्यानंतर दोन महिनेही झाले नव्हते. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर नागपूरहून पुण्याला निघालेल्या खासगी बसला याच महामार्गावर, याच सिंदखेडराजाजवळ अपघात झाला. बस पेटली आणि २५ जण गेले. ती बातमी वाचताना मला एकच आठवत होतं, माझे ते दोन हजार रुपये.

मैत्रिणींनो, आपण बायका बचतीत पक्क्या! पण त्या रात्रीपासून मी हिशेबाची वही दोन भागांत मांडते. एका पानावर ‘इथे वाचवायचं’ आणि दुसऱ्या पानावर ‘इथे हात आखडायचा नाही’. गेल्या दिवाळीनंतर आम्ही लोणार, सिंदखेडराजा, वेरूळ, शिर्डी आणि परतीला शेगाव अशी पाच दिवसांची सहल केली. साधारण बाराशे किलोमीटर झाले. तीच वही आज तुमच्यासमोर उघडते.

आधी ठरवा, गाडी न्यायची की एसटी?

घरची गाडी नेहमीच स्वस्त पडते असं नाही. चार-पाच जण असतील तर पडते. दोघी बहिणी किंवा मायलेकी जाणार असाल तर एसटीच बरी. १७ मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे. ७५ वर्षांपुढच्या ज्येष्ठांना तर प्रवास मोफत. पेट्रोल आणि टोल जोडून बघा, म्हणजे कळेल. आम्ही पाच जण आणि मधली गावं आडवळणाची, म्हणून आम्ही गाडी काढली.

वेग कमी, पेट्रोल कमी

समृद्धीवर मोटारीला ताशी १२० ची मुभा आहे. पण मुभा आहे म्हणून तेवढं पळवायलाच हवं का? ५०० किलोमीटरला १२० नं सव्वाचार तास लागतात आणि १०० नं पाच. फरक फक्त पाऊण-एक तासाचा! वेग वाढला की वारा गाडीला जास्त अडवतो आणि पेट्रोल जास्त जळतं. आमची गाडी ९० च्या आसपास ठेवली तर लिटरला १८ किलोमीटर देते. ११५-१२० ला नेली की १४ वर येते. म्हणजे शिर्डीपर्यंत आठ लिटरचा फरक. लिटरला शंभर रुपये धरले तरी आठशे रुपये झाले! कमी वेगानं जाताना डावीकडच्या लेननं चालायचं, एवढं मात्र पाळायचं.

टपावर सामान बांधू नका, त्यानंही पेट्रोल वाढतं. डिकीतली रद्दी, जुनी छत्री, दुकानातलं सामान आधी काढा. आणि दुसऱ्या राज्यात, म्हणजे पचमढीकडे वगैरे जाणार असाल, तर दोन्हीकडचे पेट्रोलचे दर बघूनच टाकी कुठे भरायची ते ठरवा. प्रत्येक राज्याचा कर वेगळा असतो, त्यामुळे दरही वेगळे.

टोलचं गणित

समृद्धीवर जितके किलोमीटर तितका टोल. १ एप्रिल २०२५ पासूनचा मोटारीचा दर किलोमीटरला २ रुपये ६ पैसे. नागपूर ते शिर्डी धरला तर एका बाजूचे हजार-अकराशे. त्यामुळे मधलं गाव बघायचं असेल तर जाता जाताच बघा. लोणारला आम्ही मेहकरजवळ उतरलो. उल्का पडून तयार झालेलं ते सरोवर बघताना सासूबाई बराच वेळ काही बोलल्याच नाहीत. तिथून सिंदखेडराजाला जिजाऊंच्या जन्मस्थळी लखुजी जाधवांचा राजवाडा. ही दोन ठिकाणं वेगळ्या सहलीत केली असती तर पेट्रोल आणि टोल दोन्ही पुन्हा भरावे लागले असते.

फास्टॅगमध्ये पैसे आहेत ना, हे आदल्या रात्री बघा. शिल्लक नसली की टोल जास्त बसतो आणि तो दंड म्हणजे निव्वळ वाया. एक गोष्ट आणखी. १५ ऑगस्ट २०२५ पासून फास्टॅगचा वार्षिक पास निघाला आहे, सुरुवातीला तो तीन हजार रुपयांचा होता. माझ्या जावेनं तो खास शिर्डीसाठी काढला होता. पण तो पास राष्ट्रीय महामार्गांसाठी आहे, समृद्धी राज्याची, तिथे तो चालत नाही. वर्षभर अमरावती-अकोल्याच्या वाऱ्या असतील तरच त्याचा विचार करा.

डबा घरचा, पाणी घरचं

पाच जणांनी रस्त्यावर दोनदा जेवायचं म्हटलं की हजार रुपये गेलेच समजा. आम्ही पहिल्या दिवसाचं सगळं घरून नेलं. दुधात भिजवलेल्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी, ठेचा, मुरमुऱ्याचा चिवडा आणि संत्री. दशम्या दोन दिवस टिकल्या. थर्मासात चहा. वीस लिटरची पाण्याची कॅन डिकीत ठेवली आणि बाटल्या त्यातूनच भरल्या. पोरांनी कुरकुर केली, तेव्हा दिवसाला एकच बाहेरचा पदार्थ ठरवून दिला. कोणता, ते त्यांनी निवडायचं. भांडणं संपली!

दिवस बघून निघा

वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात, अजिंठा सोमवारी. हे ठाऊक नसेल तर एक मुक्काम फुकट वाढतो. वेरूळचं तिकीट मोठ्यांना ४० रुपये आणि १५ वर्षांखालच्या मुलांना नाही, त्यामुळे तिघांचे मिळून १२० रुपयांत कैलास लेणं बघून झालं. शिर्डीला आणि शेगावला गुरुवारी गर्दी. शनिवार-रविवारी लॉजचे भाव चढतात. आम्ही सोमवारी निघालो, पण वेरूळला पोचलो बुधवारी. दोन्ही देवस्थानांच्या भक्तनिवासात स्वच्छ आणि परवडणारी सोय असते, चौकशी मात्र आधीच करा. एमटीडीसीच्या निवासात राहणार असाल तर महिलांसाठीची सवलत विचारा. राज्याच्या २०२३ च्या ‘आई’ पर्यटन धोरणात १ ते ८ मार्चला महिलांना ५० टक्के सवलत ठेवली आहे.

आता दुसरं पान, इथे हात आखडायचा नाही!

पहिली गोष्ट टायर. लांबच्या रस्त्यावर, आपल्याकडच्या उन्हात, घासलेला टायर फुटायला वेळ लागत नाही. टायरच्या खाचांमध्ये मधे मधे उंचवटे असतात. टायर झिजून त्या उंचवट्यांच्या पातळीला आला की तो बदलायचाच. हवा टायर थंड असताना भरा आणि स्टेपनीची हवाही तपासा. आम्ही निघण्याआधी दोन टायर बदलले. सहलीच्या बजेटला मोठं भोक पडलं, म्हणून वेरूळचा एक मुक्काम कमी केला. टायर नाही कमी केले.

दुसरी गोष्ट पाणी. ‘लघवीला जावं लागेल’ म्हणून आपण प्रवासात पाणीच पीत नाही. ही कुठली बचत? घरी आल्यावर जळजळ, ताप आणि डॉक्टरांची फी. मैत्रिणींनो, पेट्रोल पंपावर पिण्याचं पाणी, टायरची हवा आणि स्वच्छतागृह हे मोफत मिळायला हवं, असा नियमच आहे. पेट्रोल भरलं नाही तरी! बिनधास्त विचारा. कुलूप असेल तर किल्ली मागा. मी मागते.

तिसरी आणि सर्वांत मोठी गोष्ट झोप. मध्यरात्रीनंतर पहाटेपर्यंत शरीर झोप मागतंच, चहा प्या नाही तर गाणी लावा. म्हणून आम्ही सकाळी सहाला निघतो आणि अंधार पडायच्या आत मुक्कामाला पोचतो. दर दोन तासांनी पंधरा मिनिटं थांबतो. महामार्गाच्या कडेला नाही, पंपावर किंवा थांब्यावर. गाडी चालवणाऱ्याला आदल्या रात्री सात-आठ तास झोप मिळाली पाहिजे, त्या दिवशी बॅगा भरायचं काम त्याच्याकडे नाही. आणि शेजारी बसणाऱ्यानं झोपायचं नाही!

मुक्कामाचे दोन हजार आता मी खर्चात धरतच नाही. ते टायरसारखेच, गाडीचाच एक भाग.

आणि एक खर्च माझ्यासाठी

त्या पहाटे पंपावर यांचे हात थरथरत असताना मला काहीच करता आलं नव्हतं, कारण मला गाडी येत नव्हती. घरात गाडी येऊन सहा वर्षं झाली होती, पण मी कधी शिकलेच नव्हते. ‘क्लासची फी कशाला, हे आहेत की!’ असं मीच म्हणायची. परत आल्यावर फी भरली आणि शिकाऊ लायसन्स काढलं. तीस दिवसांनंतर पक्क्या लायसन्सची परीक्षा देता येते. मी पहिल्यांदा नापास झाले, दुसऱ्यांदा पास.

या दिवाळीनंतरच्या सहलीत शेगाव ते अमरावती गाडी माझ्या हातात होती. हे शेजारी बसून संत्रं सोलत होते. मागून सासूबाईंचा आवाज आला, ‘तू चालवून राहिली नं? मंग मी झोपतो जराशी.’

निघण्याआधी बघा
• टायर, स्टेपनी, जॅक, ब्रेक, दिवे
• फास्टॅगची शिल्लक, गाडीचा विमा, पीयूसी
• पाण्याची कॅन, कोरडा खाऊ, औषधं, सॅनिटरी पॅड, साबण
• लेणी किंवा मंदिर कोणत्या दिवशी बंद असतं
• थोडे सुटे पैसे, सगळे एकाच पर्समध्ये नको
• अडचणीत ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८. दोन्ही नंबर मुलांनाही पाठ हवेत
• गाडी चालवणाऱ्याची झोप झाली आहे का, हे सर्वांत आधी!