पाठ टेकून कामावर

१० जानेवारी १९८५ रोजी, ऐन हिवाळ्यात, सर क्लाइव्ह सिंक्लेअर यांनी लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमध्ये ‘सी-फाइव्ह’ ही तीनचाकी लोकांपुढे आणली. बसायचे रेलून, पाय पुढे पायडलवर, मदतीला २५० वॉटची मोटर, वेग ताशी २४ किलोमीटर, किंमत ३९९ पौंड. परवाना लागत नव्हता. चौदा वर्षांच्या मुलालाही ती रस्त्यावर काढता येत होती. वॉशिंग मशिन बनवणाऱ्या हूव्हरच्या वेल्समधील कारखान्यात तिची जुळणी होई. ऑगस्टपर्यंत ती थांबली आणि वर्ष संपायच्या आत कंपनीचे दिवाळे वाजले. तेव्हापासून रेलून बसायच्या तीनचाकीवरून रोज कामावर जाण्याची गोष्ट कोणी काढली, की सी-फाइव्हचे नाव पुढे करून विषय मिटवला जातो. या साक्षीदाराची उलटतपासणी मात्र कोणी नीट घेतलेली दिसत नाही.

साध्या सायकलवर चढ आला की माणूस पायडलवर उभा राहतो आणि अंगाचे वजन कामाला लावतो. पाठ टेकून बसलेल्याला ही सोय नाही. त्याचा सगळा भरवसा गिअरवर आणि पाय पुरता लांबवता येण्यावर. सी-फाइव्हला गिअरच नव्हते, आणि बैठक व पायडल यांतले अंतर कायमचे ठरलेले, मग चालवणारा बुटका असो की ताडमाड. बॅटरीसकट सुमारे ४५ किलोचे हे धूड अशा पायांनी चढावर ओढायचे होते. डोके आणि खांदे उघडे. मागच्या गाडीला दिसावे म्हणून लावायची उंच काठीसुद्धा वेगळे पैसे मोजून घ्यायची! म्हणजे या बैठकीला जे जे लागते, नेमके तेवढेच वगळून ही गाडी विकायला काढली होती. ती पडली याचे नवल नाही. तिच्या अपयशाचे खापर बैठकीवर फुटले, याचे आहे.

बैठकीच्या बाजूचा पुरावा सी-फाइव्हच्याही पन्नास वर्षे आधीचा आहे. १९३३ मध्ये पॅरिसला फ्रान्सिस फोर या दुय्यम दर्जाच्या शर्यतपटूने शार्ल मोशे यांच्या आडव्या सायकलवर तासाभरात ४५ किलोमीटरहून अधिक अंतर कापले आणि १९१४ पासून अबाधित असलेला विक्रम मोडला. पुढच्याच वर्षी आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने सायकलीची व्याख्या अशी बांधली, की ही सायकल शर्यतीबाहेर गेली. या वेगाचे कारण साधे आहे: वारा कापायला लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते. वीसच्या वेगावरून तिशीत जायचे तर वाऱ्यापोटी तिपटीहून जास्त जोर लागतो, आणि वाऱ्याला अंग जितके कमी दाखवाल तितकी बचत. मात्र तीनचाकीचे भक्त इथे हात राखून बोलत नाहीत. उघडी तीनचाकी साध्या सायकलपेक्षा फारशी वेगवान नसतेच. तिसऱ्या चाकाचे घर्षण आणि जादा वजन मिळवलेले बरेचसे खाऊन टाकते. तिच्यामुळे हाती लागतो तो तोल. पुढे दोन चाके, मागे एक, मध्ये बैठक, भरपूर गिअर. माणसाच्या चालीइतक्या संथ गतीने घाट चढला तरी पडायची भीती नाही, सिग्नलला पाय टेकायला नको, मनगटावर आणि मानेवर भार नाही.

वेग हवा तर तिच्यावर कवच चढवावे लागते. नेदरलँड्समध्ये समुद्र हटवून काढलेल्या फ्लेवोलँड प्रांतातील द्रोंतेन गावाच्या आसपास हा धंदा रुजला: आधी ॲल्युमिनियमची ‘आलेवेडर’, नंतर ‘क्वेस्ट’. आलेवेडर म्हणजे ‘सर्व हवामानांसाठी’. सपाट मुलूख, तोंडावर येणारा वारा आणि कधीही कोसळणारा पाऊस, यांचेच हे उत्तर. तीन-चार किलोमीटरवर कचेरी असणाऱ्याला त्याची गरज नाही. साधी सायकल त्याला पुरेशी आहे. पण रोज पंधरा-वीस किलोमीटर जाणाऱ्याला साधी सायकल थकवते आणि मोटार परवडत नाही. तीनचाकीचा खरा प्रदेश तो.

सर्वांत जड आक्षेप उंचीचा. ट्रकच्या चाकाशेजारी कमरेच्या उंचीवर डोके ठेवून जायचे, ही भीती खोटी नाही. समोरून किंवा मागून येणाऱ्याला अनोळखी आकार उलट चटकन दिसतो. अडचण होते ती उभ्या मोटारींच्या रांगेआडून बाहेर पडताना आणि अवजड गाडीच्या अगदी बगलेत. झेंडा-दिवे लावून ती पुरती सुटत नाही, रस्त्याने सोडवावी लागते. नेदरलँड्समधील आर्नहेम आणि नाइमेखेन या शहरांना जोडणाऱ्या, २०१५ मध्ये खुल्या झालेल्या सुमारे १६ किलोमीटरच्या सायकलमार्गावर ट्रकच येत नाही. डच नियमही शहाणा आहे: दोनपेक्षा जास्त चाकांची सायकल ७५ सेंटिमीटरहून रुंद असेल, तर तिने सायकलमार्ग सोडून मुख्य रस्ता वापरला तरी चालतो. आपल्याकडे सायकलमार्गाच्या तोंडाशी मोटारसायकली अडवायला जे खांब रोवतात, त्यांतून अशी गाडी शिरेल का, हे खांब रोवणाऱ्याने कधी मोजले असेल असे वाटत नाही.

‘हे सपाट देशाचे कौतुक,’ असे कोणी म्हणेल. चढाची भीती बरीचशी विजेने घालवली आहे. युरोपीय कायदा सायकलीला २५० वॉटची, ताशी २५ किलोमीटरला मदत थांबवणारी मोटर लावू देतो. सी-फाइव्हची मोटरही तेवढ्याच ताकदीची होती. फरक पडला तो गिअरने, हलक्या बॅटरीने आणि पाय मावतील अशा सांगाड्याने. किमतीच्या आक्षेपाला मात्र माझ्याकडे पुरते उत्तर नाही. चांगली तीनचाकी हजारो युरोंना पडते, कवचाची त्याहून महाग. मोटारीशी तुलना केली तर ती स्वस्त, सायकलीशी केली तर उधळपट्टी; आणि जिना चढवून वर नेता येत नसल्याने तिला तळमजल्यावर कुलूपबंद जागा हवी. ती देणारी कचेरी किंवा सोसायटी नसेल, तर बाकीचा सगळा हिशेब चोख असूनही गाडी दारातच अडते.