सतरा वर्षांखालील मुलींचा फुटबॉल विश्वचषक

फिफाची ही स्पर्धा २००८मध्ये न्यूझीलंडमध्ये सुरू झाली आणि पहिला चषक उत्तर कोरियाने नेला. सामना मोठ्यांइतकाच, नव्वद मिनिटांचा. मात्र बाद फेरीत बरोबरी झाली की जादा वेळ नाही, थेट पेनल्टी.

भारतात ही स्पर्धा २०२०मध्ये व्हायची होती. कोविडने ती लांबली. मग २०२२च्या ऑगस्टमध्ये फिफाने भारतीय महासंघालाच निलंबित केलं. मोठ्यांच्या भांडणात पोरींची स्पर्धा जायची वेळ आली होती. निलंबन उठलं आणि ऑक्टोबरमध्ये भुवनेश्वर, मडगाव व नवी मुंबईत सोळा संघ खेळले. यजमान म्हणून थेट प्रवेश मिळालेला भारत अमेरिकेकडून ०-८, मोरोक्कोकडून ०-३, ब्राझीलकडून ०-५ असा हरला. दोष मुलींना देऊ नये. अशा संघांशी खेळायची सवय आधी लावावी लागते.

डी. वाय. पाटील स्टेडियमवरची अंतिम लढत चुरशीची झाली. ८२व्या मिनिटाला कोलंबियाच्याच खेळाडूकडून चेंडू स्वतःच्या जाळ्यात गेला आणि स्पेन १-०ने जिंकला.

२०२५पासून स्पर्धा दरवर्षी होते, चोवीस संघांची. २०२९पर्यंत यजमान मोरोक्को.