सोयाबीनचे दूध आणि त्याचे दही

दही म्हटले की गाईचे, म्हशीचे किंवा शेळीचे दूध, त्यात घातलेले चमचाभर विरजण आणि रात्रभर झाकून ठेवलेले भांडे हे चित्र आपल्या डोळ्यांसमोर उभे राहते. हे दूध एखाद्या कडधान्यापासून काढता येईल आणि त्यालाही विरजण लागेल, ही गोष्ट प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटते. तथापि असे दही गेल्या शंभराहून अधिक वर्षांपासून तयार होत आले आहे. ते तयार करण्यामागे केवळ कुतूहल नव्हते. ज्या मुलांना दूध मिळत नाही अथवा मिळूनही सोसत नाही, त्यांना काय द्यावे, हा प्रश्न त्यामागे होता. त्या प्रश्नाचे उत्तर किती अंशी सापडले आणि किती अंशी नाही, हे या लेखात पाहावयाचे आहे.

चीनमधील प्रारंभ

सोयाबीनचे मूळ स्थान चीन होय. त्याच्या दाण्यात सुमारे ३६ ते ४० टक्के प्रथिने आणि १८ ते २० टक्के तेल असते. आपल्या तूर, मूग, हरभरा या कडधान्यांत प्रथिने साधारणतः २० ते २५ टक्केच असतात. दाणे रात्रभर भिजवून, पाण्याबरोबर बारीक वाटून व गाळून घेतले म्हणजे दुधासारखा पांढरा द्रव मिळतो. हेच सोयादूध. एक भाग दाण्यास आठ ते दहा भाग पाणी घेतल्यास त्यात गाईच्या दुधाइतकीच, म्हणजे तीन टक्क्यांच्या आसपास, प्रथिने उतरतात.

या उकळलेल्या दुधात विशिष्ट क्षार मिसळून ते गोठविले आणि दाबून त्याची वडी केली, की तिला ‘तोफू’ म्हणतात. तोफूचा शोध इ. स. पूर्वीच्या दुसऱ्या शतकातील ल्यू आन या राजपुत्राने लावला, अशी चिनी परंपरा आहे; परंतु त्याचा लेखी उल्लेख आढळतो तो इ. स. दहाव्या शतकातील. येथे एक भेद लक्षात ठेवावयास हवा. तोफू क्षाराने गोठते, त्यात जंतूंचा संबंध येत नाही. म्हणून त्याचे साम्य दह्यापेक्षा पनीरशी अधिक आहे. दह्यासाठी सजीव विरजण लागते. ते सोयादुधाला लावण्याची कल्पना पुढे आली ती चीनबाहेर.

पॅरिसजवळचा कारखाना

ली यू-यिंग हा चिनी तरुण १९०२ साली फ्रान्समध्ये आला. तेथे त्याने शेतीशास्त्राचे शिक्षण घेतले आणि सोयाबीनचा शास्त्रीय अभ्यास हाती घेतला. त्याच सुमारास पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील मेचनिकॉफ हे शास्त्रज्ञ दह्यातील जंतू आरोग्यास व दीर्घायुष्यास उपकारक असल्याचे प्रतिपादन करीत होते. त्यामुळे युरोपात दह्याचा मोठा बोलबाला झाला होता. ली याने पॅरिसजवळ कोलोंब येथे सोयाबीनचा कारखाना उभारला आणि १९१० साली सोयादूध व त्यापासूनचे पदार्थ यांच्या एकस्वासाठी अर्ज केला. त्या पदार्थांत विरजण लावून आंबविलेल्या सोयादुधाचाही समावेश होता. १९१२ साली ग्राँव्हवाने यांच्या सहकार्याने त्याने सोयाबीनवर फ्रेंच भाषेत एक ग्रंथही प्रसिद्ध केला. पूर्वेचे कडधान्य आणि पश्चिमेचे जंतुशास्त्र यांची गाठ येथे पडली.

सोयादूध विरजते कसे?

दही लागण्यासाठी दोन गोष्टी घडाव्या लागतात. पहिली, विरजणातील जंतूंनी साखरेपासून लॅक्टिक आम्ल तयार केले पाहिजे. दुसरी, त्या आम्लामुळे प्रथिने एकमेकांस चिकटून त्यांचे जाळे झाले पाहिजे. पाणी या जाळ्यात अडकते व दूध घट्ट होते.

गाईच्या दुधात सुमारे ४.७ टक्के दुग्धशर्करा, म्हणजे लॅक्टोज, असते आणि दह्यातील जंतूंचे तेच मुख्य खाद्य होय. सोयादुधात दुग्धशर्करा मुळीच नसते. त्यात असते ती थोडी ऊसशर्करा आणि तिच्या जोडीला रॅफिनोज व स्टॅकिओज या शर्करा. दह्याच्या दोन प्रसिद्ध जंतूंपैकी ‘स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस’ हा ऊसशर्करेवर वाढू शकतो. ‘लॅक्टोबॅसिलस बल्गेरिकस’ याला ती सहसा पचत नाही. म्हणून कारखान्यांतून सोयादुधात थोडी साखर किंवा ग्लुकोज घालतात आणि त्यास अनुरूप असे जंतू निवडतात.

प्रथिनांच्या बाबतीत मात्र सोयादूध मागे नाही. दुधातील केसीनपेक्षा सोयाबीनमधील प्रथिने कमी आंबटपणातच गोठू लागतात. म्हणूनच सोयाचे दही कित्येकदा पुरेसे आंबट होण्यापूर्वीच लागलेले दिसते. तात्पर्य, सोयाचे दही ही गाईच्या दह्याची केवळ नक्कल नव्हे. त्याचे रसायनशास्त्र वेगळे आहे.

अर्भकांसाठी शोध

काही अर्भकांना गाईचे दूध सोसत नाही. अशा मुलांसाठी अमेरिकेतील बॉल्टिमोर येथील बालरोगतज्ज्ञ जॉन रूरा यांनी १९०९ साली सोयाबीनचा उपयोग सुचविला. परंतु कच्च्या सोयाबीनमध्ये एक दोष दडलेला होता. १९१७ साली ऑस्बर्न व मेंडेल यांनी दाखवून दिले की, कच्च्या सोयाबीनवर पोसलेल्या उंदरांची वाढ खुंटते, पण तेच सोयाबीन शिजवून दिल्यास ती नीट होते. याचे एक प्रमुख कारण म्हणजे प्रथिने पचविणाऱ्या ट्रिप्सिन या एंझाइमाला अडविणारा एक पदार्थ. १९४५ साली कुनिट्झ यांनी तो स्फटिकरूपात वेगळा केला. उष्णतेने त्याचा बहुतांशी नाश होतो. म्हणून सोयादूध चांगले उकळल्याशिवाय कधीही पिऊ नये, हा नियम चवीसाठी नसून आरोग्यासाठी आहे.

अमेरिकेतील डॉक्टर जॉन हार्वे केलॉग यांनी आतड्यातील ‘ॲसिडोफिलस’ जंतूंचे विरजण सोयादुधाला लावले आणि १९३४ साली त्या पद्धतीचे एकस्व मिळविले. हॅरी मिलर या अमेरिकन मिशनरी डॉक्टरांनी शांघाय येथे अर्भकांना सोयादूध देण्याचे प्रयोग केले आणि तेथे एक कारखाना काढला. साधे सोयादूध आणि ॲसिडोफिलस लावलेले सोयादूध अशी दोन्ही प्रकारची उत्पादने तेथे होत. परंतु १९३७ साली जपानी आक्रमणात बाँबवर्षाव होऊन तो कारखाना नष्ट झाला.

वासाची अडचण

सोयादुधाला एक उग्र, कच्च्या शेंगेसारखा वास येतो. चीनमधील लोकांना तो सवयीचा होता. इतरांना तो नकोसा वाटे. हाँगकाँगमध्ये निर्वासितांची उपासमार पाहून लो क्वी-सेआँग यांनी ‘व्हिटासॉय’ हे स्वस्त सोयादूध ९ मार्च १९४० रोजी विक्रीस आणले. ते सायकलवरून घरोघर पोहोचविले जाई. पण पहिल्या दिवशी खपल्या त्या अवघ्या नऊ बाटल्या. पुढे १९५३ पासून निर्जंतुक केलेल्या, शीतकपाटाशिवाय टिकणाऱ्या बाटल्या निघाल्या आणि हे पेय शीतपेयांच्या रांगेत जाऊन बसले.

या वासाचे कारण पुढे उलगडले. दाणा वाटला जाताच त्यातील लिपॉक्सिजनेज हे एंझाइम, पाणी, हवा आणि तेल यांचा संयोग होऊन वासाचे पदार्थ क्षणात तयार होतात; म्हणजे हा वास दाण्यात मुळातच नसून वाटताना निर्माण होतो. १९६६-६७ च्या सुमारास अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठातील संशोधकांनी दाणे ८० अंश सेल्सिअसहून अधिक तापलेल्या पाण्यात वाटण्याची युक्ती काढली. एंझाइम तत्काळ निष्क्रिय झाल्यामुळे वास बराच कमी झाला. आधुनिक सोयादूध व सोयादही यांचा पाया या साध्या युक्तीने घातला. १९८० नंतर युरोप-अमेरिकेत सोयादही दुकानांतून नित्याचे झाले.

भारतातील प्रयत्न

महात्मा गांधींनी १९१२ साली दक्षिण आफ्रिकेतील टॉलस्टॉय फार्मवर दूध वर्ज्य केले. पुढे १९१८-१९ च्या गंभीर आजारात त्यांना शेळीचे दूध घेणे भाग पडले आणि याची खंत त्यांनी आत्मकथेत नमूद केली आहे. दुधाची जागा घेईल असा वनस्पतिजन्य पदार्थ कोणी अनुभवाने सुचवावा, अशी त्यांची इच्छा होती. त्यांच्या प्रेरणेने १९३५ साली वर्ध्याच्या मगनवाडीत सोयाबीनचे प्रयोग झाले आणि ‘हरिजन’मधून त्यांची माहिती प्रसिद्ध झाली.

परंतु शास्त्राला इच्छेपेक्षा पुरावा महत्त्वाचा. कुन्नूर येथील पोषण प्रयोगशाळेतील ॲक्रॉइड व कृष्णन यांनी मुलांच्या आहारात साय काढलेले दूध, सोयाबीन व इतर पूरक पदार्थ घालून त्यांच्या वाढीची तुलना केली. १९३७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांत दुधाचा लाभ स्पष्ट दिसला. सोयाबीन त्याच्या बरोबरीस आले नाही. तरी संशोधन थांबले नाही. १९४० नंतरच्या दशकात बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सोयादुधाच्या पोषणमूल्याचा अभ्यास झाला. १९६० नंतर पंतनगर व जबलपूर येथील कृषी विद्यापीठांच्या प्रयत्नांनी सोयाबीनची लागवड वाढू लागली. आज मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र ही त्याच्या उत्पादनातील अग्रगण्य राज्ये आहेत.

बरोबरी कोठे संपते?

दोन्ही दुधांचा रंग एक असला तरी गुण एक नाहीत. गाईच्या १०० ग्रॅम दुधात सुमारे १२० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. काही न मिसळलेल्या सोयादुधात ते सुमारे २५ मिलिग्रॅमच असते. ब-१२ जीवनसत्त्व वनस्पतीत नसल्याने सोयादुधातही नसते. म्हणून कारखान्यांत ही द्रव्ये वरून मिसळतात. दुसऱ्या बाजूस, सोयादुधात दुग्धशर्करा नसणे हा लाभही आहे. कारण जगातील सुमारे दोन-तृतीयांश प्रौढांत ती पचविण्याची शक्ती बालपणानंतर क्षीण होते.

अर्भकांच्या बाबतीत तर अणुमात्र चूक चालत नाही. २००३ साली इस्रायलमध्ये सोयाबीनपासून तयार केलेल्या एका शिशुआहारात ब-१ जीवनसत्त्व पुरेसे उतरले नव्हते. केवळ त्याच आहारावर असलेली अनेक अर्भके गंभीर आजारी पडली आणि काही दगावली. दोष सोयाबीनचा नव्हता. एका घटकाच्या उणिवेचा होता. पण ज्याला दुसरे अन्नच नाही, त्याला ती एक उणीव प्राणघातक ठरते. घरी काढलेले सोयादूध अर्भकास आईच्या दुधाऐवजी कधीही देऊ नये, ते याच कारणासाठी.

नावाचा वादही येथूनच उद्भवतो. १४ जून २०१७ रोजी युरोपीय संघाच्या न्यायालयाने निव्वळ वनस्पतिजन्य पदार्थांना ‘दूध’ वा ‘चीज’ या नावांनी विकण्यास मनाई असल्याचा निर्णय दिला. भारताच्या अन्नसुरक्षा नियमांतही दुधाची व्याख्या दुभत्या जनावरांपुरतीच आहे. बोलण्यात आपण सोयादूध म्हणू. पण त्या शब्दाने सर्व गुण आपोआप येत नाहीत, हे ध्यानी असावे.

शाळेत हा प्रयोग सहज करून पाहता येईल. नीट उकळलेले सोयादूध कोमट होऊ द्यावे, त्यात किंचित साखर व चमचाभर ताजे दही मिसळावे आणि भांडे ऊबदार जागी झाकून ठेवावे. शेजारी गाईच्या दुधाचे तसेच भांडे ठेवून दोहोंची घट्टी, वास व आंबटपणा ताडून पाहावा. मात्र ज्याला दुधाचे वावडे आहे, त्याने हे दही खाऊ नये. कारण विरजणाबरोबर थोडे दूध त्यात गेलेलेच असते.

पॅरिसच्या कारखान्यापासून मगनवाडीपर्यंत अनेकांनी सोयाबीनमध्ये दुधाचा पर्याय शोधला. तो पूर्णांशाने सापडला नाही. पण ज्यांना दूध सोसत नाही अशा असंख्य लोकांच्या ताटात दही परत आले. कोणत्या गुणात दोन पदार्थ समान आणि कोणत्या गुणात भिन्न, हे मोजून सांगणे हे शास्त्राचे काम. आणि ते मोजमाप विसरून कोणताही पदार्थ मुलाच्या तोंडी न देणे, हे आपले.