इम्पल्स : आधी हँडल, मग इंजिन

वस्तादांनी गाडी चालूच केली नाही. सोसायटीच्या पार्किंगमध्ये 2012 सालची हिरो इम्पल्स उभी होती. मालक किल्ली पुढे करून थांबला होता आणि मी इंजिनाचा आवाज ऐकायला आतुर झालो होतो. वस्तादांनी इंजिनाखाली लाकडाचा ठोकळा सरकवला, पुढचं चाक अधांतरी केलं आणि दोन बोटांनी हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवलं. बरोबर मधोमध आल्यावर ते किंचित अडकलं. "दादा, तुम्ही फिरवून बघा," ते मला म्हणाले. मी फिरवलं. खाचेत बसल्यासारखं काहीतरी हाताला लागलं. "कोन सेट गेलाय. ही गाडी वाटेवरनं कमी आणि वाट सोडून जास्त फिरलीय." किल्ली त्यांनी मागितली ती त्यानंतर वीसेक मिनिटांनी.

ती गाडी मी घेतली. त्या वीस मिनिटांत जे शिकलो ते इम्पल्स घेऊ पाहणाऱ्या प्रत्येकाला सांगावंसं वाटतं. पण आधी गाडीची ओळख.

डांबरी रस्त्यावर कायदेशीर चालणारी आणि रस्ता संपला तरी न थांबणारी, अशी दुहेरी स्वभावाची मोटरसायकल जगात रुजली ती 1968 च्या यामाहा डीटी-1 पासून. आपल्याकडे मात्र कितीतरी वर्षं हे काम साध्या गाड्यांनीच केलं. धरणाच्या कडेच्या वस्त्यांवर दूध, सिलेंडर आणि माणसं शंभर सीसीच्या गाड्यांवरूनच चढली-उतरली. होंडापासून वेगळं झाल्यावर हिरोने 2011 मध्ये इम्पल्स आणली. तिचा आराखडा होंडाच्या ब्राझीलमधल्या एनएक्सआर 150 ब्रॉस या गाडीवरून घेतलेला होता. ब्राझीलमधल्या लाल मातीच्या रस्त्यांसाठी घडलेलं शरीर आपल्या लाल मातीत आलं, हे मला फार योग्य वाटतं.

149.2 सीसीचं, जेमतेम 13 अश्वशक्तीचं इंजिन, पाच गिअर, 134 किलो वजन. पोटाखाली 245 मिलिमीटर मोकळी जागा आणि 836 मिलिमीटर उंचीची सीट. वर उचललेला सायलेन्सर, तारांची चाकं, मागे एकच शॉकअप. शोरूममध्ये या आकड्यांनी तिचा घात केला. तेवढ्याच पैशांत जास्त पळणारी 150 सीसीची गाडी मिळत असताना उंच आणि शांत इम्पल्स घेणारे थोडेच निघाले. काही वर्षांत ती बंद झाली. 2019 मध्ये तिची वारसदार एक्सपल्स 200 आली, तिचं नाव झालं, आणि मग लोकांना जुनी इम्पल्स आठवली.

आता मुद्द्याचं. जुनी गाडी घेणारा इंजिन ऐकतो. इम्पल्सच्या बाबतीत इंजिन हीच सगळ्यात कमी काळजीची गोष्ट आहे. ते हंक आणि सीबीझेड एक्स्ट्रीमच्या घराण्यातलं. क्लच प्लेट, टायमिंग चेन, पॅकिंग यातलं बहुतेक सगळं पुण्याच्या नाना पेठेत मिळतं, फक्त जुना भाग हातात घेऊन जायचा आणि दुकानदारासमोर जुळवून घ्यायचा. ज्याने हे इंजिन उघडलेलं नाही असा मिस्त्री शोधून सापडणार नाही. दुर्मीळ आहे ते इंजिनाभोवतीचं सगळं : टाकीच्या बाजूची पॅनेल, चोचीसारखं पुढचं मडगार्ड, हेडलाइटचा मुखवटा, तो वळणदार सायलेन्सर, मागचा शॉकअप. म्हणून दोन गाड्या समोर असतील, एकीचं इंजिन गोड पण प्लास्टिक फुटलेलं आणि दुसरीच्या इंजिनातून थोडा धूर पण अंग शाबूत, तर मी डोळे मिटून दुसरी घेईन.

अंग शाबूत आहे का, हे हातांनी बघायचं. कोन सेटचं, म्हणजे हँडलच्या बेअरिंगचं, वर आलंच. नंतर मागचं चाक दोन्ही हातांनी धरून डावीकडे-उजवीकडे हलवायचं. खट् असा आवाज आला तर चिमट्याचे बुश किंवा चाकाचं बेअरिंग गेलेलं असतं. पुढच्या फोर्कवरचे रबरी बूट वर सरकवून आतली चकचकीत नळी बघायची. बूट धुळीपासून वाचवतात, पण पावसाचं पाणी आणि चिखल धरूनही ठेवतात, त्यामुळे बाहेरून नव्या दिसणाऱ्या फोर्कवर आत गंजाचे खड्डे निघतात. नळीला खड्डे असतील तर नवं ऑइल सील महिनाभरात फाटतं. तेव्हा सीलचा नव्हे, नळीचा खर्च धरूनच किंमत बोलावी. सीटखालच्या फ्रेमचे जोड टॉर्च लावून तपासावेत. लडाखला दोन-दोन पेट्या लादून गेलेल्या गाड्यांना तिथे चिरा पडतात आणि वरून रंग मारला की त्या दिसत नाहीत.

एअर फिल्टरचा डबा उघडायला मालक नाखूश असतो, तरी उघडायचाच. तळाशी गाळाचा थर असेल तर गाडी कधीतरी ओढ्यात बुडालेली आहे. ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं तर आत पाणी गेलेलं आहे. इंजिनाच्या बाबतीत हा एकच प्रसंग मला घाबरवतो.

कागद थोडक्यात. चासी नंबर आरसीशी स्वतः ताडून पाहा, कर्जाचा बोजा उतरलाय ना ते बघा, फॉर्म 29 आणि 30 वर सह्या झाल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. नोंदणी 15 वर्षांची असते. म्हणजे 2012 ची गाडी 2027 मध्ये तपासणीला जाणार, नूतनीकरण पाच वर्षांसाठी होणार आणि महाराष्ट्रात पर्यावरण कर भरावा लागणार. हा खर्च आजच्या किमतीतून वजा करून मागा.

गाडी घरी आली की सगळ्यांना घाटात जायची घाई होते, मलाही झाली. दुसऱ्याच रविवारी मी पानशेतमार्गे वेल्ह्याकडे निघालो. खडीच्या एका उतारावर मागून बारीक टणत्कार ऐकू आला. दगड लागला असेल म्हणून पुढे गेलो. चहाला थांबलो तेव्हा मागच्या चाकाचे दोन स्पोक तुटून लोंबत होते आणि शेजारचे चार सैल झाले होते. तिथून घरापर्यंत वीसच्या वेगाने आलो. चूक माझीच होती. तारांच्या चाकाचा एकेक स्पोक दर काही आठवड्यांनी पान्याने हलकेच वाजवून बघायचा असतो. ताणलेला स्पोक स्वच्छ टण् वाजतो, सैल झालेला बद्द वाजतो. हे वस्तादांनी सांगितलं होतं, मी केलं नव्हतं.

म्हणून पहिला महिना घाटाचा नाही, अंगणाचा. क्रॅश गार्ड, जादा दिवे, पेट्या यातलं काहीही लावू नका. आधीच्या मालकाने लावलेले दिवे वायरिंग कापून जोडलेले असतील तर काढून टाका, बंद पडणाऱ्या जुन्या गाड्यांचं अर्धं दुखणं त्या काळ्या चिकटपट्टीखाली असतं. सगळी तेलं बदला, फोर्कमधलंसुद्धा, कारण ते कुणीच बदललेलं नसतं. ब्रेक फ्लुइड बदला. कोन सेट आणि बुश उघडून ग्रीस भरा. टॅपेट थंड इंजिनावर लावून घ्या. स्प्रॉकेटचे दात मांजराच्या नखासारखे वाकले असतील तर चेनसकट पूर्ण किट बदला.

चेन घट्ट ताणू नका. या गाडीचा मागचा शॉकअप बराच दबतो आणि दबताना चेन आपोआप ताणली जाते. उभ्या गाडीवर नीट वाटणारी चेन खड्ड्यात तारेसारखी ताठ होते आणि गिअरबॉक्सचं बेअरिंग खाते. आपल्या वजनाच्या माणसाला सीटवर बसवून ढील मोजा.

टायरवर चार आकडे असतात : 3514 म्हणजे 2014 सालचा पस्तिसावा आठवडा. नक्षी कितीही खोल असो, असं रबर ओल्या जांभ्यावर धरत नाही. पुढचं चाक 19 इंची, 90/90 मापाचं. बऱ्याच बुलेटना हेच माप लागतं, त्यामुळे बुलेटवाल्यांच्या दुकानात विचारा.

पेट्रोलबद्दलही सांगायला हवं. आता पंपावर वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं आणि ही कार्बोरेटरची, तेव्हाच्या रबराची गाडी आहे. इथेनॉल ओल ओढून घेतं, आणि जुने ओ-रिंग फुगतात किंवा कडक होतात. पेट्रोलच्या नळ्या आणि कार्बोरेटरचं रबर एकदा नवं करून घ्या. पावसात गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कॉक बंद करून कार्बोरेटरच्या वाटीतलं पेट्रोल स्क्रू सैल करून सोडून द्या. नाहीतर आत चिकट थर बसतो, जेट बुजतात आणि गणपतीत गाडी चोक ओढूनही उठत नाही.

शेवटचं शिक्षण पंक्चरचं. तारांच्या चाकात ट्यूब असते, ट्यूबलेसची काडी इथे चालत नाही. दोन टायर लिव्हर, एक ट्यूब, हातपंप आणि धुऱ्याच्या नटाचा पाना एवढं सीटमागे बांधलेलं असावं आणि मागचं चाक घरीच एकदा उतरवून, टायर सोडवून, परत बसवून बघावं. पार्किंगमध्ये मला त्याला दोन तास लागले, बोटं सोलवटली, आणि पहिली ट्यूब मीच लिव्हरने चिमटून फोडली.

ऑक्टोबरात मढे घाटाकडे जाताना केळदच्या अलीकडे मागचं चाक बसलं. बाभळीचा काटा होता. रस्त्याकडेला सोनकी फुललेली, आसपास गॅरेज नाही. ठोकळ्याऐवजी दगड लावला, चाक उतरवलं, ट्यूब बदलली. पंचेचाळीस मिनिटं लागली. जाता जाता थांबलेल्या एका आजोबांनी पंप मारायला मदत केली आणि गाडीकडे बघून विचारलं, "ही बंद झाली ना रे?" मी म्हटलं, "हो आजोबा." धुऱ्याचा नट आवळला, चेनची ढील पाहिली, सगळे स्पोक एकदा वाजवून घेतले, आणि आम्ही दोघं मिळून गाडी दगडावरून खाली उतरवली.