दूरदर्शनचा खर्च कोण उचलतं?

भोपाळच्या शिवाजी नगरमध्ये, सरकारी क्वार्टरांच्या वस्तीत, जी मराठी घरं आहेत त्यांना डीडी सह्याद्री पाहायला महिन्याचं बिल भरावं लागत नाही. छतावर एकदा फ्री डिशची छत्री बसवली की झालं. आकाशवाणीची मराठी केंद्रंही आता मोबाइलवर ऐकू येतात. पण हे चालतं कोणाच्या पैशावर आणि कोणाच्या हुकमावर, असं विचारलं की बहुतेक जण ठामपणे जी उत्तरं देतात, ती बरीचशी चुकीची असतात.

‘जाहिरातींवर चालतं सगळं’

जाहिराती आहेत, आणि त्या जुन्या आहेत. विविध भारतीवर त्यांची सुरुवात 1 नोव्हेंबर 1967 रोजी मुंबई, पुणे आणि नागपूर या आपल्याच केंद्रांवर झाली. दूरदर्शनवर त्या 1976 मध्ये आल्या. पण दूरदर्शन आणि आकाशवाणी चालवणाऱ्या प्रसार भारती या महामंडळाचा मोठा खर्च पगारांचा आहे, आणि तो केंद्र सरकारच्या अनुदानातून भागतो. 5 ऑक्टोबर 2007 पूर्वी भरती झालेले कर्मचारी कायद्याने सरकारी नोकरच मानले जातात, महामंडळाकडे प्रतिनियुक्तीवर आलेले. म्हणजे सह्याद्री पाहणारा आणि न पाहणारा, दोघेही करातून तिचा खर्च देतात.

एके काळी हा खर्च थेट आपल्या खिशातून जात असे. रेडिओ ठेवायचा तर पोस्टात जाऊन लायसन काढावं लागे, दरवर्षी पैसे भरून त्याचं नूतनीकरण करावं लागे. ऐंशीच्या दशकाच्या मध्यात ही फी रद्द झाली. लोकांना हायसं वाटलं, ते योग्यच होतं. पण त्याबरोबर श्रोत्याचा आणि संस्थेचा पैशाचा थेट धागा तुटला, आणि तिजोरीची किल्ली पूर्णपणे मंत्रालयाकडे गेली. माझ्या मते आजच्या निम्म्या अडचणी तिथून सुरू होतात.

फ्री डिशबद्दल मात्र उलटा गैरसमज आहे. सरकार लोकांना ती खैरातीत देतं, असं समजलं जातं. खरं तर या सेवेवर जागा मिळवण्यासाठी खासगी वाहिन्या ई-लिलावात बोली लावतात, आणि त्यातून प्रसार भारतीला शेकडो कोटी मिळतात. बोलीची राखीव किंमत भाषेनुसार आणि प्रकारानुसार ठरते. हिंदी मनोरंजन सर्वांत महाग, प्रादेशिक भाषा त्याहून बऱ्याच स्वस्त. बाजार मराठीचं मोल किती करतो, ते यातूनच दिसतं.

‘सरकारी खातंच आहे ते’

कायद्याने नाही. वर्गीज समितीने 1978 मध्ये प्रसारणासाठी स्वतंत्र राष्ट्रीय न्यास सुचवला होता. प्रसार भारती कायदा 1990 मध्ये संमत झाला, पण लागू व्हायला 1997 उजाडलं. मंडळाची निवड राज्यसभेचे सभापती, प्रेस कौन्सिलचे अध्यक्ष आणि राष्ट्रपतींनी नेमलेली व्यक्ती अशा तिघांची समिती करते. दरम्यान 1995 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने क्रिकेट प्रक्षेपणाच्या खटल्यात निकाल दिला की रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, सरकारचीही नाही आणि कंपन्यांचीही नाही.

तरीही ‘स्वायत्त’ म्हणून मोकळं होता येत नाही. सेवाशर्तींच्या नियमांना केंद्राची संमती लागते, अनुदान दर वर्षी मागावं लागतं. श्रोत्यांच्या तक्रारी ऐकण्यासाठी कायद्यात प्रसारण परिषद आहे, देखरेखीसाठी संसदीय समिती आहे; दोन्ही कागदावरच राहिल्या. खासगी वाहिन्यांचे दर आणि वितरण दूरसंचार नियामक ट्राय पाहते, आशय नाही. तेव्हा सह्याद्रीवर मराठी वृत्ताची वेळ कमी झाली, तर दाद मागायला स्वतंत्र दार नाही.

जून 2023 मध्ये आकाशवाणीचा पुण्याचा प्रादेशिक वृत्त विभाग बंद करून त्याचं काम छत्रपती संभाजीनगरला देण्याचा आदेश निघाला. महाराष्ट्रभर विरोध झाला आणि केंद्रीय मंत्र्यांनी त्याला स्थगिती दिली. आवाज उठवला म्हणून वाचला, याचा आनंद आहे. पण जो निर्णय परिषदेसमोर ऐकला जायला हवा होता, तो मंत्र्यांच्या शब्दाने थांबला, हेही तितकंच खरं.

‘इतकी चॅनेलं असताना गरजच काय?’

खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देण्याची परवानगी नाही. फार तर आकाशवाणीचं वृत्त जसंच्या तसं लावता येतं. रेडिओवरच्या बातम्या म्हणजे आजही आकाशवाणीच. आणि भोपाळमधल्या मराठी माणसासाठी कार्यक्रम करणं कुठल्याच जाहिरातदाराला परवडणारं नाही. कायद्याच्या 12 व्या कलमात विविध प्रदेशांच्या भाषा आणि संस्कृतींना योग्य स्थान देणं हे प्रसार भारतीचं कर्तव्य म्हणून लिहिलं आहे. ती जबाबदारी बाजारावर टाकलेली नाही.

‘बाहेर सगळीकडे लायसन फी आहे’

ब्रिटनमध्ये आहे, पण बीबीसीची सनद 2027 अखेर संपते आणि फीचं पुढे काय यावर तिथे वाद सुरू आहे. फ्रान्सने 2022 मध्ये फी काढून करातला वाटा दिला. जर्मनीत दर घरामागे मासिक वर्गणी आहे, टीव्ही असो वा नसो, आणि तिची रक्कम सुचवणारा आयोग स्वतंत्र आहे. मला त्यातला शेवटचा भाग महत्त्वाचा वाटतो: किती पैसे लागतील हे मंत्री ठरवत नाही.

भारतात यंत्रसामग्रीसाठी केंद्राने जानेवारी 2023 मध्ये 2,539 कोटींची ‘बाइंड’ योजना मंजूर केली, 2025-26 पर्यंतची. पण ट्रान्समीटर नवा आला तरी त्यावर मराठीत काय लागणार, हे तो ठरवत नाही. प्रसारण सेवा नियमन विधेयकाचा मसुदा नोव्हेंबर 2023 मध्ये आला. त्याचं सुधारित रूप 2024 मध्ये मागे घेतलं गेलं. नवा मसुदा पुन्हा हरकतींसाठी येईल तेव्हा मराठी संस्थांनी दोन गोष्टी लेखी मागाव्यात: पाच वर्षांसाठी कायद्यानेच बांधलेलं अनुदान, आणि 1990 च्या कायद्यातली परिषद प्रत्यक्ष नेमणं. त्या परिषदेवर राज्याबाहेरच्या भाषिक समाजांचाही एक प्रतिनिधी हवा. मध्य प्रदेशातल्या मराठी माणसाची तक्रार मुंबईतून मांडली जात नाही, आणि भोपाळमधूनही नाही.